डाव्या चाकातली टक

डॉक्टरीणबाईंची लाल गाडी गॅरेजच्या फाटकात दिसली की आमचे बाकीचे मिस्त्री एकदम कामाला लागायचे. कोणी ट्रकखाली सरपटत जायचा, कोणाला अचानक आतून नटबोल्ट आणायचे असायचे. त्या गाडीला हात लावायची कोणाची इच्छा नव्हती. मला होती, आणि मी ती लपवतही नव्हतो. हातातला पाना खाली ठेवून, फडक्याला हात पुसत मी मुद्दाम सावकाश पुढे जायचो, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं.

ही एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. गॅरेज नागपुरात, उमरेड रस्त्याच्या बाजूला. आमच्याकडे यायच्या त्या जीपा, ट्रक आणि कधीमधी एखादी टॅक्सी. बाईंची गाडी त्यांच्यात कुठूनही बसत नव्हती. दोन सीटची, उघड्या टपाची, जमिनीला टेकलेली विलायती गाडी. बाईंचे यजमान परदेशी शिकायला गेले होते, येताना ती जहाजातून घेऊन आले. पुढे ते वारले. बाईंनी गाडी विकली नाही आणि झाकूनही ठेवली नाही. पन्नाशी उलटलेली, पांढरं सुती पातळ नेसणारी, डोक्याला घट्ट रुमाल बांधणारी ही बाई आठवड्यातून एकदा तीच गाडी घेऊन उमरेडला रोगी तपासायला जायची, आणि वाटेत पाचगावला शाळेच्या व्हरांड्यात रोगी बघत तासभर बसायची. आमच्या कोष्ट्यांच्या वस्तीतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातची होती.

मी त्याच वस्तीतला. वडील हातमागावर लुगडी विणायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. माग सोडून पान्याला हात लावणारा घरातला पहिला मीच. म्हणून की काय, मला माझ्या हुशारीची फार हौस होती. डोकं लवकर तापायचं, आणि तापलं की समोर कोण आहे ते दिसायचं नाही. आज हे सांगताना मला त्या माणसाची लाजच वाटते, पण तो मीच होतो.

त्या वेळी नवरात्र चालू होतं. बाई सांगत आल्या, की पुढून डावीकडून टक असा आवाज येतो. सरळ रस्त्यावर नाही. रस्त्यात उंचवटा आला किंवा हळू वेगात वळण घेतलं की येतो. शिवाय गाडी थोडी डावीकडे ओढते.

"जुनं दुखणं आहे का?" मी डॉक्टरच्या थाटात विचारलं.

"महिनाभर तरी आहे," बाई म्हणाल्या. "दुर्लक्ष माझंच झालं."

मी जॅक चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली लावला, डावं चाक जमिनीपासून उचललं, एक हात चाकाच्या वर आणि एक खाली धरून ते आत-बाहेर हलवून पाहिलं. चाक थोडं डुगडुगलं. याला आम्ही प्ले म्हणतो. प्ले दोन ठिकाणचा असू शकतो. एक म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग. दुसरं म्हणजे बॉल जॉइंट. गाडीच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक लोखंडी दांडा, म्हणजे आर्म, धरून असतो आणि प्रत्येक आर्मच्या टोकाला वाटीत बसवलेला एक लोखंडी गोळा असतो. गोळा वाटीत फिरतो म्हणून चाक वळतंही आणि वर-खालीही होतं. दोन्हींतलं कोणतं झिजलं ते ओळखायची रीत सोपी आहे. कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा चाक हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट.

बाईंनी ब्रेक दाबला. मी चाक हलवलं. ते खुंटीसारखं घट्ट.

"बेअरिंग," मी म्हणालो, आणि ट्रकखालून डोकावणाऱ्या मिस्त्र्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.

बेअरिंग खरंच ढिलं होतं. मी ते आवळलं. पण दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्यांना जुमानलं नाही. एक म्हणजे डावं टायर आतल्या कडेनं जास्त घासलेलं होतं. टायर जुनं आहे, घासणारच, असं मी मनाशी म्हटलं. दुसरी म्हणजे खालच्या जॉइंटवरची रबराची टोपी फाटून आत धूळ गेली होती. मी ती पुसली आणि जॉइंटमध्ये भरपूर ग्रीस भरलं. नवं ग्रीस झिजलेल्या जॉइंटचा आवाज काही दिवस दाबून टाकतं, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. बायको उमरेडची, आमच्यासारख्याच विणकर घरातली. आमच्याकडे आल्यापासून ती सासऱ्यासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, आणि वडील म्हणायचे की तिच्या हातची कांडी मागावर धावणाऱ्या धोट्यात कधी ढिली बसत नाही. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. दसऱ्याला तिला उमरेडला पोचवायचं ठरलं होतं. बसमधले धक्के आणि सणाची गर्दी यांची आईला काळजी लागली होती. डॉक्टरीणबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, नवमीला मी उमरेडला जातेच आहे, माझ्या शेजारी बसून येईल, वाटेत काही लागलं तर मी आहेच.

मला कोण आनंद झाला. माझी बायको त्या गाडीतून माहेरी जाणार, आणि ती गाडी मी दुरुस्त केलेली.

अष्टमीच्या संध्याकाळी, चांगला उजेड असताना, ट्रायल घ्यायची म्हणून मी गाडी आमच्या गल्लीत आणली. ट्रायलसाठी गल्लीतच यायची गरज नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. शेजारीपाजारी बाहेर आले. बायको उंबऱ्यात उभी होती. आमच्या दाराशी नालीवर एक फरशी टाकलेली होती. मी वळण घेत त्या फरशीवरून गाडी काढली.

"हे काय वाजलं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. फरशी हालली."

"फरशी त रोजच हालते. तिचा आवाज मले माहीत हाय. हा गाडीतून आला, इकडून." तिनं डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. "लोखंडाचा होता."

आजूबाजूला आठ-दहा माणसं होती. दोन दिवस मी ज्या चाकाशी झटलो त्याची चूक चरखा फिरवणारी बाई सगळ्यांसमोर काढते, हे मला झोंबलं.

"तुले काय समजते गाडीतलं?" मी म्हणालो. "तू आपली कांड्या भर."

दोघं-तिघं हसले. ती पदर सावरून आत गेली. जेवतानाही तिनं तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं, पटलं तिला.

नवमीच्या सकाळी साडेआठला बाई आल्या. आईनं सुनेच्या हातावर दहीसाखर ठेवली, कपड्यांचं गाठोडं सीटमागे बसवलं. बाईंनी रुमालाची गाठ आवळत मला विचारलं, "गाडी ठीक आहे ना? आज माझ्याबरोबर दोन जीव आहेत."

"ठणठणीत आहे, बाई. डोळे मिटून न्या."

बायको डाव्या सीटवर बसली. माझ्याकडे पाहिलं, पण काही म्हणाली नाही. गाडी फरशीवरून गेली. त्या वेळी मी आईशी बोलत होतो, त्यामुळे काही वाजलं की नाही ते मी ऐकलंच नाही.

मी चहा घेऊन माजघरात बसलो. त्या दिवशी खंडेनवमी. गॅरेजातही हत्यारांची पूजा होती, पण ती जरा उशिरा, म्हणून मला घाई नव्हती. वडिलांची पूजा मात्र सुरू झाली होती. आमच्या घरी त्यांची एक पद्धत होती. वर्षभर माग चालायचा, पण खंडेनवमीला हळदकुंकू लावायच्या आधी ते ताणा सैल करायचे. ताणा म्हणजे मागावर उभे ताणलेले सगळे सुताचे धागे. ते सैल केले की माग कसा मरगळल्यासारखा दिसायचा. मग वडील मागाखालच्या, पाय सोडायच्या खड्ड्यात उतरून मागाचा एक-एक सांधा दोन्ही हातांनी हलवून बघायचे. लहानपणापासून मी ते पाहत आलो होतो. मला ते पूजेचंच काहीतरी वाटायचं, आरतीसारखं.

त्या दिवशी त्यांनी कापड गुंडाळायचा रूळ धरला आणि हलवला. रूळ खुंटीत खडखडला.

"पाह्य," ते म्हणाले. "भोक झिजलं. नवी खुंटी लागते."

"काल त चांगला चालून राहिला होता," मी आपला बोलायचं म्हणून बोललो.

"काल ताना होता ना गा. तान्यानं त्याले वढून धरलं होतं, तो कायले हालते? ताना असला का माग खोटं बोलते. खरं पाह्यचं असन त आधी वजन उतरवा लागते."

मी कप तोंडाशी नेला होता. तो तसाच राहिला.

जीपचं चेसिस उचललं की पुढचा सगळा भाग मोकळा लोंबतो आणि जे ढिलं आहे ते हाताला लागतं. दहा वर्षं मी जीपाच पाहिल्या होत्या, म्हणून जॅक चेसिसखाली लावायचा हेच माझ्या हाताचं वळण होतं. पण बाईंच्या गाडीची बांधणी तशी नव्हती. तिच्यात जाड स्प्रिंग खालच्या आर्मवर बसवलेली होती. चेसिस उचललं तरी ती स्प्रिंग आर्मला जोरानं खाली रेटत राहते, आणि त्या जोरानं गोळा वाटीत एका बाजूला घट्ट दाबून बसतो. मग वाटी अर्धी झिजलेली असो, चाक हलवणाऱ्याला काही कळत नाही. मला जो प्ले लागला तो फक्त बेअरिंगचा होता. जॉइंट मी तपासलाच नव्हता. ताणा तसाच ठेवून मी माग पाहिला होता.

घासलेलं टायर आठवलं. फाटलेली टोपी आठवली. फरशीवरची टक आठवली. गोळा वाटीतून सुटला की चाक आडवं पडतं आणि गाडीचा तो कोपरा रस्त्यावर आपटतो. आणि डाव्या चाकाच्या मागे डावी सीट असते.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

मी सायकल काढली आणि गॅरेजकडे सुटलो.

गॅरेजात पूजा नुकतीच झाली होती, नारळ तेवढा फोडायचा राहिला होता. जमिनीवर चादर अंथरून पाने, हातोडे, जॅक ओळीनं मांडले होते, प्रत्येकावर कुंकू आणि झेंडूचं फूल. मालक नारळाच्या शेंड्या काढत होता. तो साठीचा माणूस होता, बोलायला तुसडा, देवाधर्माला कडक. गॅरेजात नारळ फोडायचा मान सगळ्यात हुशार मिस्त्र्याचा, आणि त्या वर्षी तो मला मिळणार होता. महिनाभर मी त्याच्याच तोऱ्यात होतो.

"बाटली जॅक पाहिजे," मी धापा टाकत म्हणालो. "आन तुमची फटफटी."

"आज हत्याराले हात नाही लावत, मालूम हाय ना तुले?"

मी त्याला सगळं सांगितलं. बाईंच्या डिकीतला जॅक फक्त चेसिसखालीच बसतो, आर्मखाली जायला आपला छोटा जॅकच हवा, हेही सांगितलं. त्यानं नारळ खाली ठेवला.

"तुले पक्कं मालूम हाय का, का जॉइंट गेला?"

दोन दिवसांपूर्वी मी छाती फुगवून हो म्हटलं असतं. "नाही," मी म्हणालो. "तपासलाच नाही, त पक्कं कसं सांगू?"

"आन काहीच नाही निघालं तर?"

"त नारळ पुढच्या वर्षीबी दुसऱ्याच्या हातानं फोडा."

तो वाकला, जॅकवरचं फूल उचलून बाजूच्या पान्यावर ठेवलं, जॅक आणि टॉमी, म्हणजे छोटी लोखंडी पहार, माझ्या हातात दिली आणि खिशातून चावी काढली. "घरचं कोन हाय त्या गाडीत, ते आधी काहून नाही सांगितलं गा?" एवढंच म्हणाला. बायको त्या गाडीत आहे, हे मी बोलण्याच्या ओघात अगदी शेवटी सांगितलं होतं.

शहर सोडण्याआधी रेल्वेच्या छोट्या लाइनीचं फाटक लागायचं. ते नेमकं बंद होतं. ती छोटी गाडी कधीच घाईत नसायची. डब्यांच्या दारांत बसलेली माणसं पाय हलवत होती, कोणी शेंगा खात होतं. मी फटफटीवर बसून डबे मोजत होतो आणि मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला, फाटकवाल्याला, मालकाला, सगळ्यांना शिव्या देत होतो. शेवटी शिव्या द्यायला मीच उरलो. फाटक उघडायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मला तो अर्धा दिवस वाटला.

पुढचा रस्ता मला पाठ होता, पण त्या दिवशी मी तो पहिल्यांदा पाहिला. जिथं जिथं उंचवटा होता तिथं मला टक ऐकू येत होतं. वळण आलं की मी आधी डावीकडच्या नालीत बघायचो, मग रस्त्याकडे. दुतर्फा शेतं होती, बायका झेंडूचे ढीग लावून बसल्या होत्या, आणि दुरून कुठंही लाल दिसलं की मी ब्रेक दाबत होतो. एका ठिकाणी लाल लुगडं वाळत घातलेलं निघालं.

मग एक पूल आला आणि पुलावर गर्दी दिसली. दहा-बारा माणसं कठड्यावरून खाली वाकून बघत होती. दोघं जण दोर घेऊन उतरत होते.

मी फटफटी तशीच सोडली. ती आडवी पडली तरी मागं वळून पाहिलं नाही. गर्दीत घुसताना मी काय ओरडलो ते आठवत नाही, पण माणसं बाजूला झाली हे आठवतं. खाली चिखलात एक म्हैस रुतली होती.

"तुमची होय का?" एकानं विचारलं.

मी नाही म्हणालो आणि कठड्यावर बसलो. दोन मिनिटं मी त्या म्हशीकडे बघत होतो, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पाचगावच्या शाळेसमोर, लिंबाच्या झाडाखाली, लाल गाडी उभी होती. सरळ उभी. बाई व्हरांड्यात एका म्हाताऱ्याच्या छातीला नळी लावून बसल्या होत्या आणि बायको पायरीवर बसून एका पोरीच्या केसांत झेंडू खोवत होती. मला पाहून ती उठली. माझा अवतार पाहून तिनं विचारलं, "मामंजी बरे हायेत ना?"

"सगळे बरे हायेत," मी म्हणालो.

बाई बाहेर आल्या. "तुम्ही इथं? काय राहिलं?"

"बाई, गाडी पुन्हा पाहायची आहे. परवा मी चुकीची पाहिली."

मी त्यांना चेसिस, आर्म, स्प्रिंग सगळं सांगितलं, वडिलांच्या मागाचंही सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"आम्ही पोट तपासताना रोग्याला गुडघे दुमडायला सांगतो," त्या म्हणाल्या. "पोट ताठ असलं की आतलं काही हाताला लागत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवतात." मग गाडीत बसत म्हणाल्या, "बघा आता. मी ब्रेक दाबते."

मी छोटा जॅक खालच्या आर्मखाली, चाकाच्या अगदी जवळ लावला. त्यावरचं कुंकू माझ्या बोटांना लागलं. गाडी उचलू लागलो तशी स्प्रिंग दबत गेली आणि टायर जमिनीपासून दोन बोटं वर आलं. एक हात वर, एक हात खाली. मी चाक हलवलं.

टक.

"ब्रेक दाबा, बाई."

"दाबलाय."

टक.

शाळेपुढं रोगी आणि त्यांची माणसं गोळा झाली होती. आता आवाज कुठल्या सांध्यातून येतो तेवढंच नक्की करायचं होतं, आणि त्यासाठी मी चाक हलवत असताना कोणीतरी जॉइंटवर हात ठेवायला हवा होता. मी आजूबाजूला पाहिलं. बायको पुढे आली. तिला वाकवेना, म्हणून कोणीतरी शाळेतला बुटका पाट आणून दिला. त्यावर ती बसली आणि मी दाखवलं तिथं, खालच्या जॉइंटवर, तिनं तळहात टेकवला. बोटं चेपू नयेत म्हणून मी तिला हात कसा धरायचा ते सांगू लागलो, पण तिचा हात आधीच बरोबर होता.

मी टॉमी टायरखाली घालून चाक वर उचललं. चाक बोटभर वर आलं आणि आर्म मात्र जागच्या जागी.

"हालून राहिलं," ती म्हणाली.

"वरचं का खालचं?"

"खालचं. धोट्यात कांडी ढिली असली का कशी खडखड करते, तसं." हात न उचलता ती म्हणाली, "हेच रस्ताभर पायाले लागून राहिलं होतं. गल्लीतल्या फरशीपासून."

दोन दिवसांनी मी तो जॉइंट तिथंच उतरवला तेव्हा गोळा दोन बोटांच्या चिमटीत वाटीबाहेर आला. एखाद्या मोठ्या खड्ड्याचीच काय ती वाट होती. ते नंतरचं. त्या क्षणी मला गोळा दिसत नव्हता, बायकोचा ग्रीसनं काळा झालेला हात दिसत होता.

"रस्ताभर?" मी म्हणालो. "मंग बाईले काहून नाही सांगितलं?"

बाई गाडीतून उतरून रोग्यांकडे गेल्या. मुद्दाम गेल्या असं मला आजही वाटतं.

"सांगनार होती," ती हळूच म्हणाली. "दोन डाव तोंडाशी आलं. पन तुमी बाईले म्हणलं, ठणठणीत हाय. मले वाटलं, मी सांगितलं त बाई तुमाले बोलतीन. आन मंग वाटलं, मले काय समजते गाडीतलं. असंन काही."

माझेच शब्द होते. काल संध्याकाळी आठ-दहा माणसांत मी ते सहज फेकले होते, आणि ती ते सोबत घेऊन गाडीत बसली होती. पंधरा-सोळा मैल तिच्या पायाखाली लोखंड वाजत होतं, पोटात लेकरू होतं, आणि माझ्या मानासाठी ती गप्प बसली होती. जॅक चुकीच्या जागी लावला ही चूक मिस्त्र्याची. तिला गप्प केलं ती चूक नवऱ्याची, आणि ती झाली नसती तर पहिलीही अष्टमीलाच उघडी पडली असती. मला तिच्यासमोर मान वर करता येईना. मी फडकं काढून तिचा हात पुसायला लागलो. ग्रीस निघत नव्हतं, नुसतं पसरत होतं.

बाईंनी गाडी शाळेच्या आवारातच ठेवायचं ठरवलं. नवा जॉइंट येईपर्यंत आपण बसनं येऊ-जाऊ, असं म्हणाल्या, आणि माझ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाराच्या सुमारास उमरेडची बस आली. सणाची गर्दी होती, पण बाईंनी कंडक्टरला दटावून पुढची सीट रिकामी करवली आणि बायकोला खिडकीशी बसवलं. मी गाठोडं आत दिलं.

मला पुष्कळ बोलायचं होतं. चुकलं माझं, असं सरळ म्हणायचं होतं. ते शब्द मी त्या आधी कधी कोणाला म्हटले नव्हते आणि ते काही केल्या तोंडातून निघेनात. कंडक्टरनं घंटी ओढली. बस हलली तसा मी खिडकीला धरून चार पावलं पळालो.

"पुन्हा काही वाजलं त सांगजो," मी म्हणालो.

तिनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तुमी आयकसान का?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. बसच्या खडखडाटात ते तिला ऐकू गेलं की नाही, हे तिला विचारायचा धीर मला आजवर झालेला नाही.